अक्काच्या हातची एकच ओळ

सोमवार, नऊ फेब्रुवारी. सकाळी पावणेआठ. हजर: मी, माझे यजमान, भाऊजी, त्यांचा विलास, माझी शोभा आणि शेजारच्या इंदूताई.

एवढं लिहून मी वही मिटली. अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, समोरच्या खोलीत कॉटवर होती आणि तिचा श्वास थांबून पाचेक मिनिटं झाली होती. अशा वेळी कुणी वही काढतं का, हा प्रश्न शोभाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण माझा हात सवयीनं तिकडं गेला. कुणाला कळवायचं, कोडोलीला अक्काच्या माहेरी कोण जाणार, डॉक्टरांचा दाखला कोण आणणार... लिहायला घेतलं की पुढं काय करायचं ते मला सुचतं, एवढंच त्यामागचं कारण. बाहेर दाट धुकं होतं. आमचं घर रंकाळ्याच्या पलीकडच्या अंगाला, उसाच्या फडांना लागून आहे, आणि गुऱ्हाळांचा हंगाम असल्यामुळं त्या धुक्याला उकळत्या रसाचा गोड वास होता. त्या वासाबरोबर मला एकदम ढेप्या आठवला. वाटलं, आता तो दारातून येईल, तिरका तिरका चालत, आणि अक्काच्या कॉटखाली जाऊन बसेल. वास्तविक ढेप्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती.

तोही असाच एका हंगामात आला होता, चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला. अक्का माहेराहून आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीत गुळाची ढेप आणि दुसरीत, उसाच्या चिपाडांत गुंडाळलेलं, तेवढंच गोल आणि त्याच रंगाचं कुत्र्याचं पिलू. कानाला काकवी लागलेली, तिला मुंग्या चिकटलेल्या. "गुऱ्हाळावर चिपाडाच्या गंजीत बसलं हुतं. माझ्याकडं बघिटलं," अक्का म्हणाली. तिच्या दृष्टीनं एवढं कारण पुरेसं होतं.

मी शाळेच्या कचेरीत काम करणारी. एकत्र घर, तीन पोरं, दोन चुली. यादीशिवाय माझं पान हलत नसे. स्वयंपाकघराच्या दाराला आठवड्याची कामं लावलेली असायची आणि घरातली सगळी माणसं निमूट ती करायची. एकटी अक्का त्या कागदाकडं भिंतीवरच्या पालीकडं बघावं तसं बघायची आणि मला 'मुकादम' म्हणायची. पिलू घरात राहणार असं ठरलं तेव्हा मी त्याचेही नियम लिहून दाराला लावले. स्वयंपाकघरात येणार नाही, अंथरुणावर चढणार नाही, वगैरे. अक्कानं ते वाचले आणि माझ्याकडं वळून गंभीरपणे म्हणाली, "मुकादम, त्याला अजून वाचाय येत न्हाय की गं." त्या दिवसापासून ढेप्या चुलीजवळ बसू लागला.

तो आजारी पडला सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात. आधी खाणं सुटलं, मग ताप, डोळ्यांना चिकटा. ताप उतरला त्या सकाळी तो उठायला गेला आणि पुढचे दोन पाय उभे राहिले, मागचे राहिले नाहीत. त्यानं मान वळवून आपल्याच पायांकडं पाहिलं, कुणा दुसऱ्याचे असावेत तसं. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले होते. म्हणाले, "मागचं अंग परत येईलच असं मला सांगता येत नाही, बाई. फार हाल व्हायला लागले तर इंजेक्शन देऊन सोडवता येतं. घरात विचार करा."

मी विचार केला, म्हणजे तक्ता केला. कूस कुणी केव्हा बदलायची, पेज कुणी पाजायची, पोती कुणी धुवायची. बारा दिवस तो तक्ता घड्याळासारखा चालला. पावसामुळं पोती वाळत नव्हती, घरभर ओला वास होता, ढेप्याच्या मांडीला जखमा पडल्या आणि त्यांवर माशा बसू लागल्या. तेराव्या दिवशी जेवताना मी विषय काढला.  आमचे सासरे आप्पा तेव्हा होते, ते ताटावरून उठताना म्हणाले, "सूनबाई, तूच ठरीव." ठरवणं माझ्याकडं यायचं, याची मला सवय होती. मी वहीत लिहिलं: शनिवार, ढेप्याला दवाखान्यात नेणे, इंजेक्शन. लिहिताना वाईट वाटलं, पण आता हे मार्गी लागेल असंही वाटलं. ते खोटं कशाला सांगू...

"मी जातो त्याला घेऊन," अक्का म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो'च म्हणतात. "तू पोरांचं डबं बघ."

तिनं त्याला मोठ्या बुट्टीत ठेवलं, वर पोतं घातलं आणि रिमझिम पावसात रिक्षात बसून गेली. दुपारी तीनला परत आली तेव्हा बुट्टी रिकामी होती. मी विचारलं, "झालं?" तिनं हातातला गळपट्टा खिळ्याला अडकवला आणि म्हणाली, "भूक लागलीया. वाढ." तीन भाकऱ्या खाल्ल्या तिनं. मी समोर बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, काय दगडाचं काळीज आहे बाईचं! मग वही काढली, पट्टी धरली आणि त्या ओळीवर सरळ काट मारली.

पुढचे दोन महिने पोरं माझ्याशी धड बोलली नाहीत. अक्काशी मात्र बोलायची, याचं मला नवल वाटे. नेलं तर तिनंच होतं! अक्कानंही नवीनच सुरू केलं. दर गुरुवारी सकाळी कोडोलीला जायचं, संध्याकाळी यायचं. "आईचं गुडघं धरल्यात," एवढंच सांगायची. घरातलं तिळाचं तेल भराभर संपू लागलं. माझ्या नजरेतून तेल सुटणं शक्य नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "माझं केस गळाय लागल्यात." मी तिचे केस बघितले. होते तसेच होते. पण जावेच्या डोक्यावरचे केस मोजायला बसणार कोण?

घटस्थापनेच्या आधीचा गुरुवार होता. घटाची भांडी घासून मी अंगणात उन्हाला मांडत होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि रंकाळ्यावरून वाफेसारखं काहीतरी वर येत होतं, सगळंच जरा हलल्यासारखं दिसत होतं. फाटकाशी टेंपो थांबला. अक्का उतरली. तिच्या मागून आणखी काहीतरी उतरलं आणि माझ्याकडं यायला लागलं. पुढचं अंग माझ्या दिशेनं, मागचं अंग विहिरीच्या दिशेनं. चार पावलं यायचं, एका बाजूला कलायचं, पुन्हा सावरायचं. मी हातातला तांब्या खाली ठेवला की तो पडला, आठवत नाही. शोभा घरातून किंचाळत धावली तेव्हा मला कळलं, हे मला एकटीलाच दिसत नाही.

मी बोलले ते असं: "अक्का, मी काट मारली होती गं त्याच्यावर."

"मग पूस की. शाईनं मारलीस व्हय?"

त्या शनिवारी ती दवाखान्याच्या वाटेला गेलीच नव्हती. रिक्षा टेंपोच्या अड्ड्यावर नेली आणि तिथून थेट कोडोली. तिच्या भावाच्या शेजारी बाबूचाचा राहायचे, पैलवानांची अंगं चोळणारे, निखळलेले खांदे बसवणारे. अक्कानं बुट्टी त्यांच्यापुढं ठेवली. ते म्हणाले, "पाय येत्याल का न्हाय, हात लावल्याबिगर कसं सांगू?" आणि त्यांनी हात लावला. रोज सकाळ-संध्याकाळ, तेल लावून, पैलवानाच्या मांड्या चोळाव्या तशा. दर गुरुवारी अक्का स्वतः चोळायला बसायची. घरात कुणालाच पत्ता नव्हता, पोरं सोडून. पोरांना तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज रागाचा होता, पण राग नव्हता तो.

"सांगिटलं असतं तर तू यादीत घातलं असतंस. गुरुवार, तेल. पंधरा दिसांनी बघिटलं असतंस, फरक न्हाय. की मारली परत काट." ढेप्याचा कान कुरवाळत ती हे अगदी सहज बोलली. टोचून बोलावं असा तिचा स्वभावच नव्हता. म्हणूनच ते आत कुठंतरी जाऊन बसलं.

शाई पुसणं शक्य नव्हतं. तेव्हा तिनंच माझ्या हातातून पेन घेतलं. शाळा तिसरीत सुटलेली. एकेक अक्षर भाकरी थापावी तसं दाबून तिनं त्या खोडलेल्या ओळीखाली लिहिलं: ढेप्या हाय. माझ्या एवढ्या वह्यांमध्ये अक्काच्या हातची ओळ ती एकच.

त्यानंतर ढेप्या सात वर्षं होता. तिरकाच चालला, पण चालला. रोज संध्याकाळी दोघं रंकाळ्याच्या बांधावर जायची. पुढंपुढं अक्काचेच गुडघे धरले, मग तीही कलत चालू लागली, तो डावीकडं आणि ती उजवीकडं. गच्चीवरून मला दिसायचं... पाण्यावर ऊन उतरलेलं, आणि त्या पिवळ्या उजेडात दोन आकृत्या, कुठं पोचायची घाई नसलेल्या. हाक मारायला मी तोंड उघडायची आणि न मारताच खाली यायची. एका दुपारी तो तिच्या पायांशी झोपला तो उठला नाही. त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नाही.

गेल्या सप्टेंबरात अक्काचं डावं अंग गेलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं, येईल असं सांगता येत नाही. मी तिळाचं तेल कोमट केलं आणि बसले. सकाळी बसायची, शाळेतून आले की बसायची. बाबूचाचा कसे चोळत, ते अक्का उजव्या हातानं मला दाखवायची. चुकलं की हातावर चापट मारायची. एकदा अर्ध्या तोंडानं, अडखळत म्हणाली, "मुकादम... मला यादीत घातलंस का न्हाय?"

"नाही," मी म्हणाले.

ती हसली. तेही अर्ध्याच तोंडानं. पाच महिने मी चोळलं. जानेवारीत एकदा तिचा अंगठा हलला, असं मला वाटलं. तिलाही वाटलं. आम्ही कुणाला सांगितलं नाही.

तेराव्यानंतर कामं उरकायला घेतली. तिच्या साड्या वाटून झाल्या. उरलेली औषधं परत गेली, कॉट माळ्यावर गेला. ढेप्याचा गळपट्टा अजून त्याच खिळ्याला आहे, आणि त्याखालच्या कोनाड्यात तेलाची वाटी. ती कुणी हलवू नये असं मी सांगितलेलं नाही, पण कुणी हलवत नाही. यादीतल्या सगळ्या ओळींवर काट पडली, एक सोडून. रेशनकार्डावरून अक्काचं नाव कमी करणे.

दाखला, अर्ज, कार्ड, सगळं एका पाकिटात घालून दोनदा कचेरीच्या पायरीपर्यंत जाऊन आले. रांग नव्हती, साहेब जागेवर होते. तिच्या वाट्याची साखर मी उचलत नाही. दुकानदाराला तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग नाव कशाला ठेवलंयसा, वहिनी?" मी पिशवी उचलली आणि घरी आले.

या आठवड्याच्या यादीत ते काम सगळ्यात वर आहे. गेल्या आठवड्यातही सगळ्यात वरच होतं.