सुनंदाचं पळणं

ही गोष्ट आज पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडते आहे, त्यामुळे ती सरळ येईल याची खात्री नाही. मी बोलणारा माणूस आहे. वसमतच्या बाजारात माझा आवाज चार दुकानं ओलांडून जातो. पण हे सांगायला बसलो की आधी दुसरंच काहीतरी निघतं. निघू द्या.

मी हळदीचा व्यापारी. माझे वडील ज्या अडतीत पोती वाहायचे, तिथल्या गादीवर बसायला मला अर्धं आयुष्य लागलं. आमच्यातल्या माणसाने हळदीचा भाव करायचा, हे पहिल्या पहिल्यांदा कुणाच्या पचनी पडत नव्हतं. माझ्याशी भाव बोलताना लोक माझ्या मागे बघायचे — खरा शेठ कुठे आहे म्हणून. तेव्हापासून मी चिडका झालो, असं बायको म्हणते. मी म्हणतो, चिडलो नसतो तर अजून पोतीच वाहिली असती.

तर पळण्याचं.

सुनंदाला — माझ्या बायकोला — सारखी तहान लागायची, म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आलोच आहोत तर माझंही रक्त तपासलं. दोघांनाही साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण रोज अर्धा तास पळा, निदान भरभर चाला. मी म्हटलं, साहेब, वीस मिनिटांत मिटवा की. ते हसले नाहीत. म्हणाले, "इथं घासाघीस चालत नसते शेठ."

अर्धा तास! व्यापाऱ्याने अर्धा तास आणायचा कुठून? फोन उजाडायच्या आधी सुरू होतात. हमाल येत नाहीत, ट्रकवाला अडून बसतो, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची माती. आणि निघालोच, तर लोक पळू देतात का? आमच्याकडे रस्त्याने पळतात ती पोलीस भरतीची पोरं. माझ्यासारखा पोट सुटलेला माणूस पळताना दिसला, की प्रत्येक जण मोटारसायकल हळू करतो. "शेठ, काय झालं? कोण गेलं का? बसा मागं, सोडतो." पहिले काही दिवस मी उत्तरं देण्यातच दमलो. मग शिव्या देऊ लागलो. मग पळणं बंद केलं. मग पुन्हा सुरू केलं. असं दोन-तीनदा झालं, आणि दर वेळी मी घरात कुणावर तरी ओरडलो.

सुनंदाचं तसं नव्हतं. ती शाळेत असताना खो-खोत जिल्ह्यापर्यंत खेळलेली. ती अंधारात उठायची, पाणी भरायची, भाकरी करून ठेवायची, सासूचा — माझ्या आईचा — चहा आणि गोळ्या काढून ठेवायची, आणि माझ्या आधी दारात उभी. साधंच लुगडं, ते वर खोचलेलं, त्यावर माझा जुना फुल शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. लोक बघायचे. ती बघणाऱ्यांकडे बघायची नाही. कामाच्या रगाड्यातून पळायला वेळ खरा कुणी काढला असेल, तर तो तिने. मी गावात सांगत फिरतो की मी काढला. हाही एक खोटेपणाच, पण तो लहान आहे. मी त्याच्यामागे लपतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मी माझ्या वेळेचा तोडगा काढला तो धंद्यातून. हळद काढण्याचा हंगाम होता. कालव्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खळी, खळ्यांवर शिजवलेली हळद वाळत घातलेली. मी म्हटलं, पळतोच आहोत तर या रस्त्याने पळू. कुणाचा माल कसा आहे ते बाजारात येण्याआधीच बघून होतं. हाफ पँट घातलेला, घाम गाळत असलेला माणूस खरेदीला आलाय असं कुणाला वाटतही नाही. शेतकरी बेसावध असतो. सहज थांबायचं, एक हळकुंड उचलायचं, मोडून रंग बघायचा, आणि तोंड वाकडं करायचं. कितीतरी चांगले सौदे मी तसे केले. मला त्याचा अभिमान होता. सुनंदा तोवर कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायची आणि परतताना मला हाक मारायची. माझ्याने पुलापर्यंत जाणं होत नव्हतं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिला माहीत होतं.

त्या दिवशी जब्बारभाईंच्या खळ्यावर थांबलो. हे शेतकरी, माझ्याहून थोडे थोरले, गरीब स्वभावाचे. माल पाहिला आणि मला राहवेना — आतून असा केशरी, की दुसरा कुणी बघण्याआधी उचलायला हवा. पण ते भावाला हटून बसले. दोन दिवस थांबतो म्हणाले. दोन दिवसांत तिथे चार व्यापारी आले असते. आणि मी — विचार करून नाही, सवयीने — म्हटलं, "जब्बारभाई, माझ्यापाशी दोन दिवस न्हाईत. मंडळी लई आजारी हाय. नांदेडला दवाखान्यात न्यायची. आज हो म्हणा, न्हाईतर राहू द्या."

ते लगेच उठून उभे राहिले. "अरे! भाभीला काय झालं? आन् तुमी पळून काहून राहिले?"

"रातभर झोप न्हाई. डोकं फुटायला लागलं, म्हून निघालो."

बघा, किती बराबर बसलं. सौद्यात मला शब्द शोधावे लागत नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. आता ते भाव सोडणार हे मला दिसलं. आणि त्याच वेळी रस्त्यावरून सुनंदा आली. रोजच्यापेक्षा लवकर. त्या दिवशी तिचा पाय हलका होता. तोंड लाल झालेलं, घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि हसत होती. खळ्याच्या कडेला थांबली आणि मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

जब्बारभाईंनी मला विचारलं, "ह्या बाई कोण?"

काय करायला हवं होतं? हसून म्हणता आलं असतं, हीच माझी आजारी मंडळी, पकडलं तुमी मला. जब्बारभाई हसले असते. माल हातचा गेला असता, बाजारात चार दिवस लोकांनी टर उडवली असती. बस, एवढंच. पण माझ्या डोक्यात तेव्हा ती टरच घुमत होती. आणि त्याहून खरं सांगायचं तर — खोचलेलं लुगडं, माझा शर्ट, ते बूट — ही माझी बायको आहे असं परक्यासमोर म्हणायची मला त्या क्षणी लाज वाटली.

मी म्हणालो, "काय माहीत. भरतीच्या पोरींना शिकवत असंल कोणी."

तिने ऐकलं. पाच-सात हातांवर तर उभी होती. तिने उघडलेलं तोंड मिटलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, जब्बारभाईंकडे पाहिलं, आणि — हे मी अजून समजू शकलेलो नाही — तिने मला वाचवलं. म्हणाली, "भाऊ, थोडं पाणी भेटंल का?"

जब्बारभाईंनी तांब्या दिला. "कुठल्या तुमी, ताई?"

"इथल्याच," ती म्हणाली. पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला, आणि गेली. मी तिला इतक्या जोरात पळताना त्याआधी पाहिलं नव्हतं. जब्बारभाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. म्हणाले, "बघा शेठ. भाभीला बी असं पळवायला पाहिजे व्हतं. दवाखान्याची येळ आली नसती."

सौदा माझ्या भावाने झाला.

इथे थांबलो असतो तरी ही कबुली म्हणून चालली असती. पण मूळ गोष्ट अजून पुढेच आहे, आणि मी मघापासून तिच्याभोवती घिरट्या घालतो आहे.

आमच्याकडे कुणी आजारी असलं की लोक बघायला येतात. मला हे माहीत नव्हतं का? पण खोटं बोलताना मी हे धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जब्बारभाई बायकोसोबत दारात उभे, हातात केळी आणि बिस्किटं. मी खिडकीतून पाहिलं आणि आत धावलो. सुनंदा पीठ मळत होती. तिला म्हटलं, "हात धू. पलंगावर पड. भिताडाकडं तोंड कर, पदर घे." ती उठेना. मी तिच्या दंडाला धरलं. "ऊठ म्हणतो ना!" असा ओरडलो — दबक्या आवाजात, पण ओरडलोच.

ती पडली. तोंडावर पदर, बोटांना पीठ तसंच. जब्बारभाई बाहेरच्या खोलीत माझ्याशी दवाखान्याचं बोलत होते, नांदेडात आपला एक नातेवाईक आहे, तकलीफ पडू देणार नाही म्हणत होते. त्यांच्या मंडळी आत पलंगाशी बसल्या. त्यांनी सुनंदाच्या कपाळावर हात ठेवला, म्हणाल्या, "अंग थंड हाय, उतरला ताप." मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि तिच्यावरून फुंकर घातली. सुनंदा हलली नाही. त्या बिचारीचं समाधान होईपर्यंत माझी धडधाकट बायको मेल्यासारखी पडून राहिली.

ते गेल्यावर मी सुटलो म्हणून हसलो. हो, हसलो. आणि मग म्हणालो — हे ते वाक्य — "आता सीझन सरेस्तोवर त्या रस्त्यानं पळू नको. त्यानं तोंड बघितलंय तुझं. दुसरीकडं बी नको, गावात गोष्ट फिरती. घरातच राहा काही दिवस."

ती म्हणाली, "बरं."

लोकांना वाटतं तिने कंटाळून पळणं सोडलं. माझा मेहुणा, तिचा भाऊ, शाळेत मास्तर आहे. तो दर लग्नात, दर जेवणावळीत मला ऐकवतो, "दाजी, तुमी सोता टुणटुणीत, आन् बहिणीला घरकामातून येळ न्हाई दिला." मी त्याच्याशी भांडतो. तावातावाने भांडतो, कारण तो आरोप खोटा आहे! घरकामाने तिला कधीच अडवलं नव्हतं. मला या गोष्टीचा इतका राग येतो की एकदा भरल्या ताटावरून उठलो. पण खरं काय ते सांगितलं नाही. चुकीच्या आरोपाचा राग धरून मी एवढी वर्षं काढली. तो मला फार सोयीचा पडला.

रागच म्हणाल तर सुनंदाचाही आहे. तिने मला एक शिवी द्यायला हवी होती. भावाला फोन करून बोलवायला हवं होतं, नाहीतर जब्बारभाईंना जाऊन सांगायला हवं होतं. समोरचा काहीतरी मागतो तेव्हा मला बोलता येतं — मी कमी करतो, तो वाढवतो, कुठेतरी मिटतं. तिने काहीच मागितलं नाही. मग मी कशावर बोलणार? हा माझा राग किती उफराटा आहे, ते कळतं मला. तरी तो जात नाही.

सीझन संपला. त्या वर्षीची हळद कधीच विकून झाली, मुंबई-गुजरातला गेली, लोकांच्या भाजीत पडली. मी तिला म्हणालो नाही की आता पळ. पुढचा हंगाम आला, त्याच्या पुढचा आला. जब्बारभाई वारंग्याकडे मुलाजवळ राहायला गेले. रस्ता मोकळा झाला. तरीही मी म्हणालो नाही. म्हणायला गेलो असतो तर का थांबवलं होतं तेही बोलावं लागलं असतं. ती आपण होऊन निघाली नाही. मी मात्र रोज निघतो. आता गावाला सवय झाली आहे, कुणी गाडी हळू करत नाही. उलट नवे व्यापारी विचारतात, शेठ, एवढ्या कामात तुमी वेळ कसा काढता? मी त्यांना सांगतो. झोपेची शिस्त, फोन बंद, वगैरे. बोलतो मी चांगला.

गेल्या महिन्यात सुनंदाच्या पायाला जखम झाली. चुलीवरचं पातेलं उतरवताना निखारा पायावर पडला, आणि तिला कळलंच नाही. वास आला तेव्हा खाली पाहिलं. डॉक्टरांनी तळपायाला काय काय लावून पाहिलं, विचारलं, लागतंय का? ती प्रत्येक वेळी म्हणाली, न्हाई. डॉक्टर म्हणाले, साखर फार वर्षं वाढलेली राहिली, आता पळणं विसरा, चालायचं तेही जपून. मग त्यांनी तिला विचारलं, "चांगलं पळत होता की तुमी. काहून सोडलं?"

ती म्हणाली, "येळ भेटला न्हाई, साहेब."

डॉक्टर चिडले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे एवढा धंदा सांभाळून पळतात. तुमाला अर्धा तास न्हाई?"

"व्हय, चुकलं माझं," ती म्हणाली.

मला बोलायला जागा होती. खोलीत आम्ही तिघंच. आणि मी बोललो. म्हणालो, "मी सांगून सांगून थकलो, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी मान हलवली आणि औषधं लिहिली. सुनंदा उठली. चप्पल घालताना पाय आत नीट गेला की नाही, हे तिला समजत नव्हतं, म्हणून ती खाली वाकली आणि डोळ्यांनी पाहून घेतलं. मग दुसरा पाय, तोही तसाच. मी बाहेर जाऊन गाडी सुरू केली.