दगडाचं विरजण

हिंगोलीपासून समुद्र इतका लांब की आमच्याकडे त्याचा विषयच निघत नाही. त्यामुळे मी बैठकीत समुद्री मासे पाळायला काचेची मोठी टाकी मांडून तिच्यात खारं पाणी करायला घेतलं, तेव्हा आईनं कपाळावर हात मारला.

"लोकं गोड पान्यासाठी बोअर मारू मारू थकले, आन तू चांगल्या पान्यात मीठ कालवून राहिला. काहून?"

वडील गेल्यावर तिला मी नरसीजवळच्या आमच्या गावातून शहरात आणलं होतं. पण तिची पिशवी पलंगाखाली कायम भरलेली. आठवडा उलटला की ठरलेलं वाक्य यायचं, "तुमच्या घरी मन लागत न्हाई. मला गावाकडं नेऊन घाल." ते 'तुमच्या घरी' मला फार लागायचं. जिनं जन्म दिला तिनं आपल्याकडे पाहुणीसारखं राहावं, याचा मला रागही यायचा आणि रडूही. ती राहावी एवढंच मला हवं होतं. तिला ते कसं सांगावं कळेना, म्हणून मी समुद्र करत बसलो.

समुद्रातला जिवंत दगड आपल्याकडे रीतसर मिळत नाही. मी कोरडे दगड मागवले. पांढरे फटक, चुन्याच्या ढेकळांसारखे. अशा दगडांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची वस्ती व्हावी लागते, कारण माशाची घाण तेच पचवतात. वस्ती नसेल तर मासा आपल्याच घाणीत गुदमरतो. ही वस्ती धरावी म्हणून सुरुवातीला काही लोक पाण्यात मेलेली कोळंबी सडत ठेवतात, पण आईच्या गळ्यात तुळशीची माळ, तेव्हा तो विषय मी काढलाच नाही. त्या जिवांची बाटली मागवली, ती कुरिअरच्या गाडीत उन्हानं भाजून आली, आतले जीव मेलेले. दुसरी मागवली. मग नुसती वाट पाहणं.

"मासे कवा येनार?"

"दगड तयार व्हायचेत, माय."

"दगड का पेरलेत व्हय तू?"

अखेर दगडांवर तपकिरी थर धरला, मग हिरवी लव आली. दिसायला गलिच्छ, पण मला कोण आनंद! मी एक नारिंगी मासा आणला, अंगावर पांढरे पट्टे असलेला. आई दोन दिवस त्याच्याकडे बघितलं न बघितलं करत होती. तिसऱ्या दिवशी तिनं खुर्ची टाकीसमोर ओढली. तेव्हापासून स्वतः जेवायच्या आधी विचारायची, "पोरगं जेवलं का?"

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातली वस्तू न् वस्तू धुऊन निघते. मी ऑफिसातून आलो तर गच्चीवर गोधड्या वाळत होत्या, आणि टाकीतले दगड पहिल्यासारखे पांढरे फटक होते. आईनं ते बाहेर काढून, बोअरच्या नळाखाली काथ्यानं घासून, परत जागच्या जागी मांडले होते.

"किती शेवाळ साचलं होतं रं. पोरगं घाणीत राहून राहिलं, तुझं ध्यानच न्हाई."

मी मुळात तापट माणूस. पण तिचा चेहरा इतका फुलला होता की तोंडाशी आलेलं सगळं गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासा वर येऊन धापा टाकायला लागला. मी पाणी बदललं, तरी तेच. आईनं माझ्या दंडाला धरलं. "मी मारलं का रं त्याला?"

तेव्हा मी तिला नीट सांगितलं. म्हटलं, दगडावर जे होतं ते विरजण होतं. ते धुतलं गेलं, आता घाण पचायची बंद झालीय.

"मंग कोनाकडून इरजण आन की! मागायला लाज कसली?"

नांदेडला माझा एक दोस्त आहे, कापडाचा दुकानदार. त्याची टाकी जुनी, मुरलेली. मी त्याला फोन केला. आई म्हणाली, मीबी येते. तिनं पलंगाखालची पिशवी ओढली, तेव्हा मला वाटलं, ही आता परस्पर गावालाच निघाली. पण तिनं आतल्या साड्या पलंगावर काढल्या आणि आपला एक पांढरा दगड फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणे.

रस्त्याचं काम निघालेलं, त्यामुळे पोचेपर्यंत दिवे लागले. दोस्तानं बादलीत दगड काढून ठेवला होता. मी हात घालणार तोच आतून त्याच्या अम्मीचा आवाज आला.

"मगरिब के बाद घर से जामन नहीं जाता, बेटा. नमक भी नहीं."

"बराबर हाय," माझी आई म्हणाली. "आमच्यातबी दिवे लागल्यावर इरजण देत न्हाईत. मीठबी न्हाई."

इथं तर दोन्ही एकाच बादलीत होतं.

"अम्मी, पत्थर है ये," दोस्त काकुळतीला आला.

"पत्थर है तो ये लोग इतनी दूर से क्यों आए?"

तिकडे मासा धापा टाकत असणार, आणि इकडे दोघी म्हाताऱ्यांचं एकमत! शेवटी आईनंच पिशवीतून पांढरा दगड काढला. "देऊ नका. बदली करा."

अम्मींनी क्षणभर विचार केला. "बदली चलती है," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मासा वाचला. नांदेडच्या दगडावरची वस्ती हळूहळू आमच्या दगडांवर पसरली, पुढे जांभळे-गुलाबी ठिपकेही उमटले. आई ते ठिपके येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायची. गावाकडं नेऊन घाल, हेही अधूनमधून चालूच होतं.

परवा वाशिमचे एक मास्तर डबा घेऊन आले. त्यांनी नवी टाकी मांडलीय, आमच्याकडचा एक जुना दगड हवा होता. त्यांना यायला संध्याकाळ झाली. मी दगड काढून बादलीत ठेवला आणि त्यांचा डबा उघडला, तेवढ्यात देवापुढे दिवा लावून आई बाहेर आली.

"बदल्याचा दगड आनला का गुरुजी?"

त्यांनी आणला नव्हता. त्यांना काही कळलंही नव्हतं.

"मंग सकाळी न्या. आमच्या घरातून दिवे लागल्यावर इरजण जात न्हाई."

मी बादली धरून तसाच उभा राहिलो. आमच्या घरातून, म्हणाली ती. मास्तरांना वाटलं मला आईचा राग आला. ते म्हणाले, "राहू द्या, मी पुन्हा कधी येईन."

"पुन्हा कशाला? इथंच मुक्काम करा," मी म्हटलं आणि दगड परत टाकीत ठेवला.