होळीच्या मऊ पोळ्या

माझा नवरा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. होता तोवर मी त्याला अहो-जाहो केलं, जेवायला बसला की पदरानं वारा घातला. आता लिहायला बसले आहे तर एकेरीतच लिहिणार. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आमचं गोडदेव तेव्हा गावच होतं. आज तिथं इमारतीला इमारत चिकटली आहे, पण साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा घराच्या मागच्या दारातून भाताची खाचरं दिसत आणि त्यापलीकडं मिठागरं. नवरा मिठागरावर मुकादम होता. दिवसभर मजुरांवर ओरडायचा आणि उरलेला आवाज घरी घेऊन यायचा. भावांशी भांडून वेगळा निघाला होता, तेव्हा दोन खोल्यांत आम्ही दोघंच.

माझं माहेर चेण्याचं, डोंगराच्या पायथ्याशी. चालत गेलं तर अर्ध्या दिवसाचीही वाट नाही, पण दोन वर्षं मला ते परमुलखासारखं झालं होतं. कारण सांगते आणि ते वाचून हसू आलं तर खुशाल हसा. माझ्या भावाच्या लग्नात बापानं जावयाला दुसऱ्या पंगतीला बसवलं. लांबून आलेल्या वडीलधाऱ्यांना परत जायची घाई होती, म्हणून पहिली पंगत त्यांची केली. बाप येऊन हात जोडून म्हणालाही, तुम्ही घरचेच, तुमचं मागून निवांत वाढू. नवरा उठला, मला उठवलं आणि पाणीसुद्धा न पिता आम्ही मांडवातून निघालो. त्या दिवसापासून चेण्याच्या माणसानं आमचा उंबरा चढायचा नाही आणि मी चेण्याची वाट धरायची नाही, असा हुकूम झाला.

त्या थंडीत बापानं अंथरूण धरलं. भाईंदरच्या बाजारात चेण्याकडची एक भाजीवाली बसायची, तिच्याकडून मला कळायचं. छाती भरते, भाकरी उतरत नाही, पेजेवर आहे, आणि सारखं तुझं नाव काढतो. नवऱ्याला मी एकदा विचारलं, तर त्यानं ऐकलंच नाही असं केलं. दुसऱ्यांदा विचारलं तर हातातली आमटीची वाटी भिंतीवर गेली. तिसऱ्यांदा कसं विचारायचं याचा मी महिनाभर विचार करत होते.

या माणसाला एकच दरवाजा होता आणि तो पोटाचा. होळी आली की त्याला त्याच्या मेलेल्या आईच्या पुरणपोळ्या आठवायच्या. भावजयीकडून सणाचं ताट यायचं, त्यातली पोळी तो दोन बोटांत धरून वर उचलायचा आणि म्हणायचा, ही वहाणेला तळवा म्हणून लावा. मला पोळ्या येत नव्हत्या. चेण्याला आम्ही तांदळाचं खाणारी माणसं, आमचे सण घावन-सांदणांवर व्हायचे. म्हणून मी शेजारच्या काकूंना धरलं. त्या रत्नागिरीकडच्या, नुकत्याच भाड्यानं राहायला आलेल्या. त्यांनी मला कणीक तिंबायला शिकवली, पुरणाची गोळी आत कशी लपवायची ते शिकवलं. माझ्या पहिल्या पोळ्या फुटल्या, दुसऱ्या वेळच्या जळल्या, आणि त्या सगळ्या आम्ही दोघींनी हसत खाल्ल्या. नवऱ्याला वास लागू नये म्हणून डाळ त्यांच्या चुलीवर शिजायची आणि पुरण त्यांच्याच पाट्यावर वाटायचं. मनाशी ठरवलं होतं, त्याला आईच्या हातची पोळी मिळाल्यासारखं वाटू दे, मग विचारीन. एकदा बापाचं तोंड बघून येऊ दे, एवढंच मागायचं होतं.

होळीच्या दिवशी तो सकाळीच मिठावर गेला. दुपारपर्यंत मी सगळं उरकलं. पोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी, भात, पापड्या, काकूंकडून आणलेलं वाटीभर तूप. पाट मांडला. सणाला आपण बायका नवं लुगडं नेसतो तसं नेसलेसुद्धा.

तो आला आणि दारातच थबकला. वास त्याला लागला होता. त्यानं पाटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला वाटलं आईची आठवण झाली. इतकी मी खुळी. मग न बोलता तो मागच्या दारी गेला आणि डोक्यावरून दोन बादल्या पाणी ओतून घेतलं. सकाळी आंघोळ झाली होती. विचारलं तर म्हणाला, ऊन लागलंय.

बसला आणि जेवला. कसा जेवला म्हणून सांगू. पोळी तुपात बुडवायचा, डोळे मिटायचे आणि हात पुढं करायचा. चांगली झाली असं तोंडानं म्हणाला नाही, पण हात थांबत नव्हता. मध्येच मला म्हणाला, तूही बस, पोटभर जेव. लग्न झाल्यापासून असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. त्याच्यासमोर ताट घेऊन मी बसले आणि दोन पोळ्या खाल्ल्या. मला त्या गोड लागल्या. हे लिहिताना आज माझ्या तोंडाची चव जाते.

हात धुऊन झाल्यावर मी विचारलं. बाबा आजारी आहेत, एकदा जाऊन येऊ का?

"जा की," तो म्हणाला. "आजच जा. कोन अडवतंय?"

मी त्याच्या पायाला हात लावला, होय, लावला. तो म्हणाला, जरा पडतो, ऊन उतरू दे, मग निघ. आणि घोरायला लागला. मी भांडी घासली. पितळेच्या डब्यात पोळ्या भरायला घेतल्या, सगळ्यांत मऊ होत्या त्या वेगळ्या काढून. बापाला दात नव्हते. दुधात कुस्करून भरवू असा माझा बेत होता. वरून तूप सोडलं, फडकं बांधलं आणि डबा मांडीवर घेऊन त्याच्या उशाशी बसून राहिले. निघावंसं वाटत होतं, पण झोपेतून उठून त्यानं मन बदललं असतं तर? म्हणून त्याच्या उठण्याची वाट बघत बसले.

उन्हं कलल्यावर तो उठला. चहा मागितला, प्यायला. मग डब्याकडं बोट केलं.

"त्यो ठेव. खायाला कोन हाय तिथं? म्हातारा सकालीच गेला."

मी विचारलं, कधी कळलं? मिठावर असताना, तो म्हणाला. माझा चुलतभाऊ सायकलवर आला होता. आमच्या उंबऱ्याला त्याला मनाई होती, म्हणून बिचारा मिठागरावर गेला. तिथं यानं त्याला सांगितलं, तू हो पुढं, मी हिला घेऊन येतो.

"मग आल्या आल्या सांगितलं का नाही?"

"सांगितलं अस्तं त येवड्या पोल्या कुत्र्यांना घालाया लागल्या अस्त्या. आयकलं न्हाय तवर सुतक न्हाय. जेवून घेतलंस ना? उपाशी त धाडत न्हाय मी तुला."

शास्त्र त्याला बरोबर ठाऊक होतं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, आणि तेही कानावर आल्यापासून. त्याच्या कानावर आलं होतं, तर तो डोक्यावरून पाणी घेऊन आपल्यापुरता मोकळा झाला. माझे कान कोरडे ठेवले आणि मला गोड खाऊ घातलं. अशी हुशारी मिठागरावर शिकवतात की आईच्या पोटातून येते, मला माहीत नाही. त्या क्षणी हातात विळी असती तर मी काय केलं असतं, तेही माहीत नाही.

डबा तिथंच टाकून मी निघाले. तो आला नाही, गावच्या होळीला त्याच्याशिवाय अडणार होतं. नवघर मागं पडलं, मीरा गाव मागं पडलं. वाळलेल्या खाचरांतून धसकटं तुडवत अनवाणी पळत होते, कारण वहाणा घालायचं राहूनच गेलं. डोक्यात एकच गोष्ट होती. गावात मढं असताना होळी पेटत नाही. आमच्याकडं हे कुणी मोडत नाही. म्हणजे चेण्याची होळी पेटायची आहे तोवर बाप घरात आहे, आणि बाप घरात आहे तोवर मला त्याचं तोंड दिसेल. काशी गावाजवळ घोडबंदरच्या रस्त्याला लागले तेव्हा सूर्य बुडत होता. वाटेतल्या गावांच्या होळ्या पेटायला लागल्या होत्या. त्यांच्याकडं न बघता मी चालत राहिले.

वळणावरून चेणं दिसलं. झाडांच्या वर जाळ दिसत होता आणि पोरांची बोंब ऐकू येत होती. मी तिथंच रस्त्यावर बसले. विचारायला कुणाकडं जायची गरज उरली नव्हती.

घरी गेले तर भाऊ ओल्या धोतरानं ओट्यावर बसलेला. तो म्हणाला, दुपारपासून तुझ्यासाठी ठेवलेला, सगळं गाव होळीसाठी खोळंबलं, शेवटी लोक कुरकुरायला लागले तेव्हा उचलला. मी रडत सांगत होते की मला आत्ताच कळलं, खरंच आत्ताच कळलं. नात्यातली एक म्हातारी मला जवळ घ्यायला आली आणि तिनं नाक आखडलं. माझ्या लुगड्याला तुपाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. आई कोपऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी तेराव्यापर्यंत तिथंच राहिले. रोज आईला तेच तेच सांगत होते. पहिले काही दिवस ती भिंतीकडं तोंड करायची. मग ऐकायला लागली. मग एके दिवशी मी केलेली भाकरी तिनं खाल्ली, आणि बाराव्याला मला केसांना तेल लावू दिलं. तेल लावताना म्हणाली, तुझा बाप शेवटपर्यंत दाराकडं बघत होता. मी म्हटलं, आई, मला सांगितलं असतं तर मी उडत आले असते. ती म्हणाली, हां. एवढंच म्हणाली, पण मला ते पुष्कळ होतं. माझी आई मला परत मिळत होती.

तेराव्याला नवरा आला. धुतलेलं धोतर, टोपी. भावाला बापाची चूक निस्तरायची होती, म्हणून जावयाला पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं. गोडाचं जेवण होतं, पोळ्याच होत्या. आई स्वतः वाढत होती. भावानं हात जोडून, खालच्या आवाजात विचारलं, दाजी, त्या दिवशी निरोप मिळूनही उशीर कसा झाला?

नवऱ्यानं घास गिळला. मला वाटलं, आज बापाच्या घरात, बापाच्या तेराव्याला, हा खोटं बोलणार नाही.

"मी त आल्या आल्या सांगितलं," तो म्हणाला. "ही बोलली, येवडा सैपाक केलाय, जेवून जाऊ. आनि पोल्या काय मऊ झालत्या म्हनून सांगू. माझ्या आयशीनं बी अशी पोली केली न्हाय कदी. ही तुमची त्याच्यापुढं काय न्हाय."

लग्न होऊन त्याच्या घरात आल्यापासून माझ्या हाताचं त्यानं केलेलं हे पहिलं कौतुक.

मी दारातून ओरडले की हे खोटं आहे. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. तेराव्याच्या पंगतीत नवऱ्याला खोटं पाडणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. भाऊ माझ्याकडं वळला.

"केलत्यास पोल्या?"

"केल्या होत्या, पण..."

"आनि जेवलीस?"

मी जेवले होते. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते आलं नाही. जेवले, असं मी म्हणाले. त्यापुढं मी जे जे सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. आईच्या हातात पोळ्यांची परात होती. ती नवऱ्यापुढं आली, त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली, तूप वाढलं, आणि पुढच्या पानाकडं गेली.

पुढच्या होळीला नवऱ्यानं स्वतः डाळ आणि गूळ आणून माझ्यापुढं ठेवला. बापाशी असलेलं त्याचं वैर आता मिटलं होतं, चेण्याला जायची मला मोकळीक होती, वाटेल तेव्हा. मी पोळ्या केल्या. मऊ झाल्या. त्यातल्या चार डब्यात घालून दुसऱ्या दिवशी आईकडं नेल्या. तिनं मला बसायला दिलं, पाणी दिलं, घरचं सगळं विचारलं. डबा माझ्या हातातून घेतला, मागच्या दारी गेली आणि गाईपुढं रिकामा केला. मग तो घासून, पुसून माझ्या हातात परत दिला.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मी दर वर्षी डबा नेत राहिले आणि ती दर वर्षी तो घासून देत राहिली.