निस्तरबाई

व्हॉट्सअॅपवर चुकीच्या माणसाला गेलेला निरोप पुसता येतो, हे मला माहीत होतं. पुसताना 'सगळ्यांसाठी' हा पर्याय निवडायचा असतो, हे घाईत विसरलो. "म्हातारीला स्वतःला एक ओळ लिहिता येत नाही, दुसऱ्याच्या गोष्टीवर मात्र कात्री," हा माझा आवाज माझ्या फोनवरून पुसला गेला आणि म्हातारीच्या फोनवर सुखरूप राहिला. पाठवायचा होता बायकोला.

ही म्हातारी म्हणजे आमच्या निस्तरबाई. पनवेलच्या एका कुमारांच्या दिवाळी अंकाच्या संपादक, आणि दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी-नववीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या. नाव मुलांनीच ठेवलेलं. गोष्टीत कुणी उपद्व्याप केला की बाई पुस्तक मिटून विचारायच्या, "केलं याने. आता निस्तरणार कोण?" उत्तर येईपर्यंत पुस्तक उघडत नसे.

माझ्या गोष्टींवर त्यांचा विशेष डोळा. मी आपला पोरांना झोपवता झोपवता लेखक झालेला माणूस. पोरं झोपायची तर शेवट गोडच लागतो. बाई म्हणायच्या, "तुमचा मुलगा चुकतो आणि निस्तरता तुम्ही. मग मोठं कोण होणार? तुम्ही तर पन्नाशी गाठलीत."

त्या वर्षीच्या गोष्टीत माझा नायक शाळेच्या प्रयोगशाळेत बरणी फोडतो आणि मित्राचं नाव सांगतो. मित्राला शिक्षा होते. शेवटी नायक कबुली देतो, मुख्याध्यापक त्याला खरेपणाचं बक्षीस देतात, मित्र मिठी मारतो. बाईंनी बक्षीस कापलं, मिठीही कापली. त्यांच्या प्रुफात कबुलीनंतर मित्र एसटी स्टँडवर त्याच्यासमोरून जातो आणि मागे न बघता गाडीत चढतो. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, "चालेल का?" त्यावर माझं ते वरचं उत्तर.

मी वाट बघत राहिलो. बाई फोन करतील, हसतील, मी ओशाळेन, संपेल. आलं ते नवं प्रूफ. बक्षीस जागेवर, मिठी जागेवर. "तुमचा शेवट परत घातला आहे." बस. रागावल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

अंक निघाल्यावर शनिवारी बाईंनी ती गोष्ट वाचली. मन लावून वाचली, हे आणखी लागलं. पण पुस्तक मिटून आपला प्रश्न विचारला नाही. तो गव्हाणहून येणाऱ्या एका मुलीने विचारला. "काका, त्या दोस्ताला शिक्षा झाली ती झालीच ना? मग बक्षीस याला कशाला? आमी तर त्याच्याशी बोललोच नसतो." मुलं हसली. मी बाईंकडे बघितलं. त्या खिडक्या लावत होत्या.

पुढे कळलं, बाई आपल्या लेकीकडे पुण्याला कायमच्या चालल्या आहेत. मी पेढे घेऊन गेलो. घरात सगळी खोकी बांधलेली. वाटेत पाठ केलेलं भाषण दारातच विसरलो आणि नुसतं म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

माझ्या गोष्टींत या जागी समोरचा माणूस डोळे पुसत हसतो. बाई खोक्यावर बसल्या. "दोनदा ऐकलं मी ते. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल असेल. म्हातारीचं काही नाही हो, ती मी आहेच. पण ओळ लिहिता येत नाही, हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे, हे नव्हतं माहीत."

"बाई, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं. मला अजून वाईट वाटतंय. वाटेनासं झालं की कळवीन." पेढ्यांचा पुडा त्यांनी घेतला. उघडला नाही. मग मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि जिना सांभाळून उतरा म्हणाल्या.

हल्ली माझ्या गोष्टीतलं पोर चुकलं की मी त्याला मिठीपर्यंत ढकलत नाही. ते आपलं स्टँडवर उभं राहतं, गाड्या जातात. पोरं म्हणतात, काका, आता जरा खरं वाटतं. हे बाईंना सांगायला हवं, असं दर वेळी वाटतं, आणि फोन हातात घेऊन मी खाली ठेवतो.

परवा तसाच बसलो होतो. बायकोला म्हटलं, "इतके दिवस झाले. आता त्यांचा राग गेला असेल ना गं?"

तिने भाजी निवडता निवडता मान वर केली. "तुमची गोष्ट असती तर एव्हाना फोन आला असता," ती म्हणाली. "बसा."