मतदानाआधी उचललेला बेल

त्या ग्रामपंचायत निवडणुकीचा विषय निघाला की आजही माझ्या अंगात तरतरी येते. मी तेव्हा गावची पोलीस पाटील होते. शिक्षण सातवी. गावातली खबर ठाण्याला पोचवायची, हे माझं काम.

आमच्या वॉर्डात दोनच उमेदवार. एक कपडे शिवणारी बाई, दुसरा आडत दुकानदार. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी नळावर गेले, तर रांगेतल्या बायांचे उजवे तळहात पिवळे. गावात ना लग्न, ना जत्रा. मी तिथेच ताडलं. आमच्याकडे वचन पक्कं करायचं तर देवासमोर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेतात; त्याला बेल उचलणं म्हणतात. म्हणजे पहाटे कुणीतरी मताची शपथ घ्यायला लावली होती.

मी ठाण्यातल्या जमादारांना फोन लावला.

"बाई, पिवळ्या हातावर गुन्हा दाखल होत न्हाई," ते म्हणाले. "वाटायचा माल कुठं हाय ते सांगा. गाडी तयारच हाय."

एकेकीला विचारलं. सगळ्या मुक्या. शेवटी माझ्या धाकट्या चुलत जावेला घरी बोलावलं. ती शिलाईवालीसाठी महिनाभर दारोदार फिरलेली, आणि तिचाही हात पिवळा.

"पैशाची पाकिटं कुठं हायत?"

"संध्याकाळी मिळणार हायत. कुठं हायत ते तोंडानं सांगायचं न्हाई, असा बेल उचललाय, अक्का."

"चालायचं न्हाई असा उचललास का?"

ती बघत राहिली, मग खुदकन हसली. "लय बेरकी हाय बाई तुमचं डोकं."

"चल पुढं. मी मागून येते."

ती पिठाच्या गिरणीपाशी थांबली, चपलेतला खडा काढला आणि माघारी वळली. मी तिथूनच जमादारांना पुन्हा फोन लावला. अर्ध्या तासात जमादार आले, मागोमाग भरारी पथक. कोंड्याच्या पोत्यांतून पाकिटं निघाली, प्रत्येकावर मतदाराचं नाव. पंचनामा झाला, पाकिटं जप्त झाली. गिरणीवाल्याने ठाण्यात बसल्या बसल्या दुकानदाराचं नाव सांगितलं. गुन्हा नोंदवला. कुणालाही पैसे मिळाले नव्हते. शिलाईवालीची मतं वाचली, म्हणून मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी जाऊ मतदान करून आली. मी विचारलं, "दाबलं का आपल्या बाईचं बटन?"

"न्हाई. त्याचं दाबलं."

"अगं, पाकीट तर मिळालंच न्हाई तुला."

"पाकीट जमादारानं नेलं. मी बेल उचललाय, ते कोण नेणार?"

थोड्या मतांनी दुकानदार निवडून आला. शिलाईवाली मला म्हणाली, "लोकांना मी नको होते, की त्यांनी शब्द पाळला, हे मला कधी कळणारच न्हाई."

चूक माझी होती. मी पैसा शोधत बसले आणि मत त्याच्या आधीच गेलं होतं. पुढच्या निवडणुकीत मतदानाआधी आठवडाभर मी रोज पहाटे देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. बेल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने विचारायची, "कशासाठी आणलास?" बरेच जण तिथूनच परत फिरले.