तळ्याचे आजोबा कोण?

नातीला आजोबा दोन. घोटाळा नको म्हणून तिनं बोलायला लागल्या लागल्याच त्यांची वाटणी करून टाकली होती. आईचे बाबा ते तळ्याचे आजोबा आणि बाबांचे बाबा ते ऑफिसचे आजोबा. या वाटणीवर तळ्याचे आजोबा बेहद्द खूश होते. विजेच्या खांबांवर चढायची नोकरी त्यांनी केली ती पोटासाठी. जीव सगळा गावाबाहेरच्या तळ्यावर. सुट्टीच्या दिवशी रंगाचा रिकामा डबा उपडा घालायचा, त्यावर बसायचं, गळ पाण्यात सोडायचा आणि तरंगणाऱ्या बुचाकडे बघत राहायचं.

नियम एकच. तळ्यावर तोंड उघडायचं नाही. लेक लहान असताना एकदा तिच्या फ्रॉकमध्ये मुंगळा शिरला, तरी ती बिचारी नुसते डोळे मोठे करून बसली होती. तळ्यावर साठवलेलं सगळं बोलणं आजोबा घरी येऊन मोकळं करायचे. त्यातही त्या एका माशाची गोष्ट जेवताना हटकून यायची. कमरेइतक्या पाण्यात उतरून, दोन्ही हातांनी कवटाळून धरलेला हातभर मासा.

"मासा दरवर्षी वाढतोय," आजी म्हणायची, "आणि जेवण गार होतंय."

सगळं छान चाललं होतं. मग ऑफिसचे आजोबा निवृत्त झाले आणि पलीकडच्याच गल्लीत राहायला आले. येताना नवीकोरी गळाची काठी आणि घडीची खुर्ची घेऊन आले. त्या खुर्चीच्या हाताला चहाचा कप ठेवायला भोक होतं. ते भोक तळ्याच्या आजोबांच्या डोळ्यांत सलायला लागलं. व्याह्यांनी पहिल्याच रविवारी बोलावलं होतं, "चला की, सगळेच जाऊ." आजोबा म्हणाले, "मला कामं आहेत."

"कसली?" आजीनं नंतर विचारलं. "तोच पेपर पुन्हा वाचायचा?"

मग दर रविवारी नात व्याह्यांबरोबर तळ्यावर जायला लागली आणि आजोबा घरात पेपर वाचायला लागले. संध्याकाळी ती आली की चौकशी व्हायची, अगदी सहज म्हणून.

"काय गं, मिळालं का काही?"

"नाही. पण मज्जा आली."

"मासा नाही मिळाला तर मज्जा कसली?"

"ते बोलतात ना."

"तळ्यावर?" आजोबांनी असं विचारलं, जणू कोणी दवाखान्यात ढोल बडवला होता. "तळ्यावर बोलतात?"

"सारखं. आणि आई म्हणाली, आता दोघंही तळ्याचेच झाले. मग मी तुम्हाला काय म्हणू?"

आजोबांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. खांबावरून दोनदा खाली पडले होते तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. विचार करून सांगतो, एवढंच म्हणाले आणि रात्रभर कूस बदलत राहिले. खुर्चीला भोक असलं म्हणजे काय कोणी तळ्याचं होतं?

पुढच्या रविवारी ते सकाळीच चपला घालू लागले.

"कुठे निघालात?" आजीनं विचारलं.

"जरा चक्कर मारून येतो."

"चक्कर मारायला हिरवा शर्ट?"

आजोबा सटकले. तळ्याच्या मागच्या बाजूनं लव्हाळ्यात शिरले आणि उकिडवे बसले. गुडघे असे कडकडले की आपण पकडले गेलो असंच त्यांना वाटलं. पण पलीकडे खुर्चीतून आवाजाची संततधार चालू होती.

"तर सांगायचं म्हणजे, थोडक्यात सांगतो बरं का, तुझे ते आजोबा, म्हणजे त्या वेळी तरुण, कमरेइतक्या पाण्यात उभे. थंडी अशी, की सांगायचं म्हणजे, दातावर दात. आणि हातात मासा."

आजोबांनी कान टवकारले. माझी गोष्ट. माझ्या तळ्यावर. माझ्या नातीला. आणि ती मेली हनुवटी हातावर टेकून ऐकत होती. घरी तर याच गोष्टीला जांभया देते.

"केवढा मासा?" नातीनं विचारलं.

"मी विहीणबाईंना मुद्दाम विचारून घेतलं. वीतभर."

"हातभर!"

लव्हाळ्यातून आजोबा उभे राहिले. डोक्यावर गवत, विजारीला चिखल. "हातभर होता. तिला काय माहीत, ती घरी होती."

नेमकं तेव्हाच व्याह्यांचं बूच बुडत होतं, तेही पहिल्यांदाच. पाणी एकदा खळबळलं आणि बूच निवांत वर आलं. मासा पसार. व्याही काठी धरून नुसते बघत राहिले.

नातीनं भुवया आवळल्या, ओठांवर बोट ठेवलं. हुबेहूब आजोबांसारखं.

"तळ्याचे आजोबा, श्श. तळ्यावर बोलायचं नसतं."

आजोबांचा चेहरा एकदम उजळला. व्याह्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "मग मी?"

"तुम्ही बोला. तुम्ही ऑफिसचे."

आजोबा ओल्या दगडावर बसले. डबा घरी राहिला होता. व्याह्यांनी नवं गांडूळ लावलं, गळ सोडला, कप त्या भोकात ठेवला, पाठ टेकली.

"तर कुठे होतो? हां. थोडक्यात सांगतो. तो वीतभर मासा..."

आजोबांनी ओठ घट्ट मिटले. मग व्याह्यांच्या पाठीमागे दोन्ही हात पसरून नातीला माप दाखवलं. या वेळी हातभराहून जरा जास्तच.