ब्रेक लाइटला जोडलेली माळ

संक्रांतीला आम्ही दिल्लीहून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातो. तिथे आमच्या घराण्यातलं कोण पडलं, कुणाला ठाऊक नाही. पण जायचं म्हणजे जायचं. त्या वर्षी व्हॅन मी चालवत होते, शेजारी नवरा, आणि पाय लांब करता येतात म्हणून सासूबाई अगदी मागच्या बाकड्यावर. मागून माझा धाकटा भाऊ आणि भावजय त्यांच्या गाडीत येत होते. सकाळचं धुकं असं दाट की बॉनेटपुढचं काही दिसेना.

सोनिपतच्या जरा अलीकडे भावजयीच्या फोनवरून भाऊच बोलला, "ताई, तुझे ब्रेक लाइट लागत नाहीयेत. आत्ता ठोकणार होतो तुला."

सासूबाईंची पाठ आणि मागून येणारी गाडी, यांच्यामध्ये फक्त दाराचा पत्रा होता.

पेट्रोल पंपावर थांबलो. नवऱ्याने मागचं दार वर केलं आणि बल्ब गेलेत असं जाहीर करून टाकलं. दोन्ही एकदम कसे जातील, असं मी विचारलं, तर म्हणे जातात. डबीतले नवे बल्ब घातले, तरी अंधारच. मग त्याने स्टिअरिंगखालचा फ्यूज काढून पाहिला, तो जळलेला. हॉर्न आणि ब्रेक लाइट या गाडीत एकाच फ्यूजवर चालतात, हे तेव्हा त्याने मला अगदी मास्तरकीने समजावलं. नवा फ्यूज घातला, मी ब्रेक दाबला, दोन्ही दिवे लालबुंद. स्वारी खूश. दार धाडकन खाली ओढून गडी शेजारी येऊन बसला. मी भावाला सांगितलं की आता माझ्या दिव्यांवर नजर ठेव आणि फार मागे राहू नकोस, मध्ये ट्रक घुसतो.

थोडं पुढे गेलो आणि धुक्यातून एकदम उसाने भरलेली ट्रॉली समोर आली, मागे एक दिवा नाही. मी ब्रेकवर पाय टेकवला आणि हॉर्न दाबला. हॉर्न वाजलाच नाही.

म्हणजे ब्रेक लाइटही गेले. आणि मागे माझा भाऊ, माझेच दिवे बघत येणारा. ब्रेक मारावा तर तो सासूबाईंवर आदळणार, न मारावा तर आम्ही उसात. पार्किंगचे दिवे लुकलुकत होते, पण धुक्यात ते सगळ्यांचेच चालू असतात, त्यावरून त्याला काय कळणार? नवरा फोन लावत होता. रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. मी गिअर खाली आणत आणत गाडी डावीकडे कच्च्यात घातली. सगळे गदागदा हलले. मागून सासूबाईंनी विचारलं, पानिपत आलं का.

भाऊही माझ्यामागोमाग कच्च्यात उतरला होता. त्याची गाडी आमच्या दारापासून वीतभर अंतरावर थांबली.

नवऱ्याने पुन्हा दार वर केलं, आणि या वेळी मला ती दिसली. दाराच्या कडेने गेलेली एक बारीक तार, बिजागरीपाशी दाराच्या उघडझापीने सोललेली. गणपतीत विसर्जनाला याच व्हॅनमधून मूर्ती नेली होती. तेव्हा त्याने बाप्पामागच्या दिव्यांच्या माळेची तार ब्रेक लाइटच्या तारेला जोडली होती. मी ब्रेक दाबला की माळ चमकायची, आणि लोक वा वा करायचे. माळ काढली, तार मात्र तशीच. दार उघडं असलं की सगळं ठीक. दार लावलं की तार चेपून पत्र्याला टेकायची, आणि ब्रेक दाबताच फ्यूज उडायचा.

"पुढच्या वर्षी परत लागेल म्हणून राहू दिली," तो हळूच म्हणाला.

सासूबाईंसमोर बोलू नये ते सगळं मी त्याला बोलले. संताप संताप झाला होता माझा. त्याने तार मुळापासून कापली, टोकाला काळी टेप गुंडाळली, फ्यूज बदलला, आणि या वेळी दार लावून माझ्याकडून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून घेतला.

मग बाजूचं दार सरकवून त्याने आईला हात दिला, तिला पुढे माझ्या शेजारी बसवलं, आणि स्वतः मागच्या बाकड्यावर जाऊन काचेकडे तोंड करून बसला. चुकलं असं तो म्हणाला नाही, कधीच म्हणत नाही. पण पानिपतपर्यंत मी ब्रेक दाबला की बाहेरचं धुकं लाल झालेलं बघून तो मागून म्हणायचा, "लागले."

मी एकदाही उत्तर दिलं नाही. पण ते ऐकल्याशिवाय ब्रेकवरचा पाय उचलत नव्हते.